सावलीतला फोटो

"थोडी डावीकडे सरक," मोबाइल डोळ्यांसमोर धरत जयंतराव म्हणाले.

मे महिन्यात नवऱ्याबरोबर आग्र्याचा किल्ला बघायला आलेली विभावरी बादशाही महालाच्या अंगणात थबकली. जयंतरावांच्या दिवंगत पत्नीचा, कुंदाताईंचा, इथलाच फोटो घरी दिवाणखान्यात होता. लग्न होऊन आल्यापासून तो तिला खुपत होता.

"त्यांच्या जागेवर मी उभी राहणार नाही," ती म्हणाली.

"कुंदा उन्हात उभी होती. मी फोटोच काढत राहिलो आणि तिला भोवळ आली. तुला सावलीत बोलावतोय गं."

विभावरी सावलीत सरकली, हसलीही. फोटो छान आला. पण मनातला मत्सर गेला नाही, उलट वाढला. बायकोला असं जपायला जयंतरावांना कुंदाताईंनीच शिकवलं होतं.