खुडूक

अठरावा दिवस, तरी तांबडी टोपलीतून उठेना. खाली अंडं नाही, पुढ्यात पिल्लू नाही. नुसता पेंढा, आणि त्यावर पंख पसरून बसलेली खुडूक कोंबडी. दाणे टाकले तरी मान वळवत नव्हती.

लविनाने पाण्याची बादली ओट्याखाली आणून ठेवली. ओट्यावर आरामखुर्चीत तिची सासू, क्लेमेंटीन. खुर्ची आल्बर्टची, क्लेमेंटीनच्या नवऱ्याची. त्याचं दफन झाल्यापासून ती त्याच खुर्चीत बसून होती. पेजेची वाटी तिथेच यायची, निवायची, परत जायची. उद्या पापडीच्या चर्चमध्ये त्याच्या आत्म्यासाठी महिन्याची मिस्सा.

"आय, उद्या येणार ना?" लविनाने सकाळपासून तिसऱ्यांदा विचारलं.

क्लेमेंटीन अंगणापलीकडच्या केळींकडे बघत राहिली.

लविनाने तांबडीला उचललं आणि धपकन बादलीत सोडलं. डोकंसुद्धा पाण्याखाली गेलं. पाणी उसळलं.

"मारते काय तिला?" ओट्यावरून आवाज आला. "पोट थंड करायचं गो, डोकं नाय!"

"खुडूक मोडायला मोबाइलवर असंच दाखवलंय, आय."

"मोबाइलनं कधी कोंबडी पाळली? माणिकपूरच्या फ्लॅटातली तू, सर बाजूला."

खुर्ची करकरली. भिंत धरत, दोन पायऱ्या उतरत क्लेमेंटीन अनवाणी खाली आली. तांबडीच्या छातीखाली हात घालून तिला पोटापुरतं पाण्यात धरलं. कोंबडी शांत झाली. हात पाण्यात हलला तशी क्लेमेंटीनच्या बोटातली लग्नाची अंगठी निसटून बादलीच्या तळाशी गेली.

"किती हलकी झाली ही," ती तांबडीकडे बघत म्हणाली. "हाताला काय लागतच नाय."

"खात नाही ना, आय."

लविनाने बाही वर करून अंगठी काढली. ओढणीचा एक दोरा ओढला, अंगठीला गुंडाळत राहिली.

सोडल्यावर तांबडीने अंग झाडलं. अंगणात चार पावलं चालली, एक दाणा टिपला. आणि वळून, ओल्या पोटाने, थेट टोपलीत.

"बसली परत!"

"बसणारच. एका बुडीत कोण उठतं?" क्लेमेंटीनने गाऊनला हात पुसले आणि अंगठीसाठी बोट पुढे केलं. "बादली राहू दे इथंच. उद्या मिस्सेला निघायच्या आधी परत बुडवू."