नवसाबाई कुठे जाते?

दवाखान्यातल्या ड्रेसिंगच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला आणि सावळीराम बाकावरून ताडकन उठला. हसणं नवसाबाईचं होतं, त्याच्या बायकोचं. आदल्या आठवड्यात याच खोलीतून तिच्या किंकाळ्या ऐकू आल्या होत्या.

आंघोळीच्या उकळत्या पाण्याचा हंडा तिच्या पायावर कलंडला होता. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पाय सोलून निघाला होता. औषधानं जखम भरत होती, पण पट्टी सोडायची वेळ झाली की बाईचा जीव कासावीस व्हायचा. शेवटी ती पायाला हातच लावू देईना. तेव्हा डॉक्टर भाग्यश्रींनी संमोहनाचं काढलं.

"भुताटकी नाय ना ही?" सावळीरामनं विचारलं होतं.

"नाही हो दादा. औषध चालूच राहील, मावशी जाग्याच असतील. फक्त मन दुसरीकडं न्यायचं." मग नवसाबाईकडे वळून त्या संथ आवाजात म्हणाल्या होत्या, "श्वास सोडा. डोळे मिटा. जिथं तुम्ही सगळ्यात आनंदात होता, तिथं जा. कुठं ते मला सांगू नका."

आणि बाई गेली. दुखणं काही पळालं नाही. "दुखतंय, पण शेजारच्या घरात दुखतंय," असं ती सांगायची. आज तर चक्क हसली.

सावळीरामला आनंद झाला. त्या आनंदात एक कुसळही होतं. ही जाते तरी कुठं? माहेरीच, दुसरं कुठं! पिंपळगावला बापाची विहीर, पाठीशी चार भाऊ, लाडाकोडाचं पोरपण. मातोरीत त्याच्या घरी तिला काय मिळालं? फुलांची तोडणी, सासऱ्याची बोलणी आणि तोंडातून शब्द न फुटणारा नवरा. त्यानं दोनदा विचारून पाहिलं. ती नुसती गालात हसली.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाल्या, "आता गावातली नर्स घरी येऊन पट्टी बदलेल. बोलायचं काम तुमचं, दादा."

"मला नाय जमायचं."

"जमेल. तुमचाच आवाज त्यांच्या सवयीचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्स कात्री घेऊन तयार झाली. नवसाबाई ओट्यावर आडवी झाली. तिनं चटईची कड घट्ट धरली होती. सावळीरामनं घसा खाकरला.

"श्वास सोड. डोळे मीट. आता जा... माहेरी जा. विहिरीवर."

नवसाबाईनं डोळे उघडले. "माहेरी कशाला? मी नाय जात तिथं."

"मग?"

नर्ससमोर ती लाजली. पण सांगितलं. "लग्नाच्या साली, दसऱ्याला, झेंडू भरलेला टेम्पो मखमलाबाद नाक्यावर बंद पडला बघा. बाजार हुकला. मी रडाया लागले, तर तुम्ही म्हणालात, माळा ओव. मी ओवत गेले अन् तुम्ही रस्त्यात उभं राहून दिसंल त्या गाडीला माळ घालत गेलात. एष्टीला, ट्रकला, दूधवाल्याच्या सायकलीला. शेवटची उरली ती माझ्या गळ्यात घातलीत. भर रस्त्यात!"

दसरा बुडवला म्हणून सावळीरामला बापानं वर्षभर ऐकवलं होतं. आयुष्यातली सगळ्यात मोठी फजिती म्हणून त्यानं तो दिवस मनात खोल गाडून टाकला होता. कुणापुढं कधी विषयसुद्धा काढला नव्हता.

"रोज तिथंच जाते?"

"रोज."

नर्सनं पट्टीचं टोक सोडवायला घेतलं. सावळीराम जवळ सरकून बसला. चटईवरचे तिचे हात त्यानं आपल्या हातात घेतले.

"मीट डोळे," तो म्हणाला. "आज मी बी येतो."