उडालेल्यांचा पंचनामा

"मावशी, रडारवर तुमचं घर शाबूत आहे," असं म्हणत पाहणी अधिकारी रणदिव्यांनी टॅबलेट पुढे केला.

अनसूयाबाई ज्या ढिगाऱ्यावर बसल्या होत्या, ते कालपर्यंत त्यांचं स्वयंपाकघर होतं.

"जरा खाली बघा की, साहेब!"

"डोळ्यांनी बघायला आता बंदी आहे. डोळे फसतात. वादळात काय काय उडालं ते रडार बघतं, त्यावरून नुकसान ठरतं. तुमचं काहीच उडालं नाही."

उडणार कसं? गावच्या रीतीप्रमाणे पत्र्यांवर दगड रचलेले होते. पत्रे उडाले नाहीत, भिंतच खचून जागच्या जागी बसली. शेजारी सरपंचांच्या कोंबड्यांच्या शेडमधली पिसं मात्र ढगापर्यंत गेली. रडारवर तिथे लालभडक डाग उमटला आणि सरपंचांना घर मंजूर झालं. हे तिसरं. मेलेल्या कोंबड्यांच्या वासाने नाकाला रुमाल लावून रणदिव्यांनी त्यांचं अभिनंदनही केलं.

"मग आम्ही झोपायचं कुठं?"

"नियमाप्रमाणे स्वतःच्या घरात."

अनसूयाबाई पचकन थुंकल्या.

दुपारी पुन्हा वादळाचा इशारा आला. रणदिवे जीपकडे निघाले, तर अख्खं गाव छपरांवर चढून दगड खाली ढकलत होतं. अनसूयाबाईही आपल्या उरलेल्या खोलीवर होत्या.

"अहो, वेड लागलंय का? पत्रे उडतील!"

"त्याचसाठी तर चाललंय," अनसूयाबाई वरून म्हणाल्या. "बाजूला व्हा साहेब, दगड लागंल. जागच्या जागी मेलात तर सरकारला कळायचं नाही."