कपावरची लाट

सत्याला घाबरायचं कारण नसतं, असं सर नेहमी सांगत. आज त्यांनी आधी दाराला कडी घातली. तापलेल्या धातूवर वायू साचतो, जळतो, पुन्हा साचतो. याची कॉम्प्युटरवर नक्कल केली की उठणारी लाट म्हणजे सरांची जन्माची कमाई. “सर, वायूचा कण कुठे बसणार ते प्रोग्रॅम आकड्यांच्या ज्या फाशांनी ठरवतो, त्यांत ठरावीक वेळाने तेच आकडे फिरून येताहेत,” विद्यार्थिनी म्हणाली. “लाट धातूची नसून फाशांची असली तर?” “अभद्र बोलू नकोस. फासे बदल.” तिने बदलले. लाट उठली आणि सरांनी श्वास सोडला. मग ती खचली, रेघ आडवी झाली. “थांब, उठेल.” सरांच्या हातातल्या कपावर तीच लाट छापली होती. दार वाजलं. “सर, तुमच्या सत्काराला सगळे खोळंबलेत.” रेघ हलली नाही. हॉलमध्ये तसलेच कप सगळ्यांना वाटून झाले होते.