कुरणातली हवेली

म्युरिएलच्या संग्रहालयात एका जुन्या हवेलीचं चित्र होतं, पण ती हवेली कुठली, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. अखेर नदीचं वळण आणि मागची टेकडी यांवरून म्युरिएलनेच इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यातली ती जागा शोधून काढली. हवेली मात्र कधीच पाडून टाकलेली होती. उरलं होतं नुसतं कुरण.

रविवारी दुपारी ती नवऱ्याला, लायनेलला, घेऊन तिथे गेली.

"एवढी वर्षं माझ्यापेक्षा या घरावरच तुझा जीव," तो म्हणाला. "आणि निघालं काय, तर मेंढ्यांचं गवत!"

"जळतोयस नुसता!" म्हणत ती सतरंजीवर बसून चहा ओतू लागली.

चित्राची प्रत हातात धरून लायनेल कुरणात हिंडत होता. एकदम "आई गं!" म्हणून तो थांबला.

"नाटकं पुरे," ती हसली.

"नाटक कसलं? दाराची चौकट ठेंगणी आहे." त्याच्या कपाळावर खरोखरच टेंगूळ येत होतं. ती धावत गेली आणि तिने त्यावर रुमाल दाबला.

मग मान झुकवून तो पुढे झाला. त्याने हात मागे केला. "वाकून ये गं."

ती वाकून एक पाऊल पुढे गेली. भोवती लख्ख ऊन होतं, तरी तिच्या पाठीला गारवा लागला. गवतावर तिचे बूट फरशीवर वाजावेत तसे वाजले.

तेवढ्यात डोक्यावरच्या मोकळ्या आभाळातून कुणीतरी लाकडी जिना उतरू लागलं, सावकाश, कठड्याला धरून.

लायनेलने टोपी काढली. तिचा हात घट्ट धरला.

"तूच बोल," तो हळूच म्हणाला. "घर तू शोधलंस."