वळलेली मूठ

व्हॉलीबॉलच्या फायनलचा शेवटचा सेट, चौदा-तेरा. समोरच्या टीमचा स्मॅश बाहेर पडला, पंचांनी पॉइंट दिला आणि तावरे सरांच्या मुली नाचायलाच लागल्या. शलाका मात्र नेटजवळ हात वर करून उभी होती. "टच आहे. माझ्या करंगळीला लागून गेलाय."

पंचांनी निर्णय फिरवला. पुढचे दोन्ही पॉइंट गेले, राज्य अजिंक्यपदही गेलं.

सर तिला फैलावर घ्यायच्या तयारीतच होते. ती रडत समोर आली. "सॉरी सर. पण लहानपणापासून घरी तुमच्या नॅशनल फायनलचंच ऐकत आलेय. बाबा म्हणतात, खेळावं तर तावऱ्यांसारखं."

त्या फायनलचा शेवटचा चेंडू सरांच्याच बोटांना चाटून बाहेर गेला होता. पंचांना दिसलं नाही, आणि सरांनी गुपचूप मूठ वळून हात पाठीमागे नेला होता. सुवर्णपदक, खेळाडू कोट्यातली नोकरी, गळ्यातली ही कोचची शिट्टी, सगळं त्या मुठीतून आलेलं.

चोवीस वर्षांनी त्यांनी तो हात वर केला.

"बाबांना सांग, माझाही टच होता."