डावीकडचं प्रेत

रणांगणात मेलेला माणूस अमर होतो, असं थोर लोक सांगून गेले आहेत. परदेशी सिनेमांचं चित्रीकरण चालणाऱ्या वार्झाझात या गावातली निम्मी माणसं तर ड्रॅगनच्या सिनेमाच्या दोन्ही भागांत रोजंदारीवर मेली होती. दुसरा भाग आता घरी बघायला मिळू लागला, तसं हाजी मोहांचं अख्खं घर आपापली प्रेतं शोधायला बैठकीत जमलं. होणारा जावई इदिर कोपऱ्यात बसला.

त्याची वाग्दत्त वधू, हाजींची मुलगी तूदा, फोनवरून प्रेक्षकांची मतं वाचून दाखवत होती. "एकजण म्हणतो, पहिला भाग बरा होता. दुसरा म्हणतो, गोष्ट रटाळ, ड्रॅगन झकास. पण चित्र थांबवून बघा, डावीकडचं एक प्रेत चक्क भाकरी चघळतंय!"

इदिरने चहाचा पेला खाली ठेवला. चित्रीकरण रमजानातलं, भर दुपारचं. ढालीआड त्याने भाकरी खाल्ली होती. रोजा मोडणाऱ्याला हाजी उंबरा ओलांडू देत नसत, मुलगी कुठली देणार?

"रमजानात?" तूदाची आत्या कडाडली. "थांबव गं तिथंच! बघू दे तोंड मेल्याचं!"

तूदाने चित्र थांबवलं. इदिरने डोळे घट्ट मिटले.

"मेलेल्या माणसाला रोजा नसतो," हाजीच म्हणाले, तेही अगदी हळू.

एवढी माया इदिरला अपेक्षित नव्हती. त्याने डोळे उघडले. पडद्यावर डावीकडे हाजी मरून पडले होते आणि त्यांच्या दाढीत भाकरीचा चुरा होता.